चरितार्थ आणि चरित्र

कलावंताचे चरित्र वाचावयास घेतले म्हणजे त्यात एक जिना असावा, अशी आपणा सर्वांची अपेक्षा असते. खालच्या पायरीवर दारिद्र्य, मधल्या पायऱ्यांवर गुरुसेवा, उपेक्षा व एखाद्या गुणज्ञ रसिकाची अवचित भेट, आणि वरच्या माडीवर कीर्ती व सुबत्ता, अशी त्या जिन्याची रचना ठरून गेलेली आहे. ज्याच्या आयुष्यात हा जिना सापडत नाही त्याचे चरित्र लिहिण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. आणि पडलाच तर 'याला योग्य संधी मिळती तर' या हळहळीच्या सुरातच तो ते लिहून काढतो. आज ज्या वादकाविषयी चार शब्द लिहावे असे आमच्या मनात आहे, त्याच्या आयुष्यात असा जिना नाही. त्याचे आयुष्य सपाट होते, आणि त्यातील पंचवीस वर्षे तर शब्दशः एका सपाट मैदानावर गेली.

अमेरिकेतील शिकागो शहरचा जिमी यान्सी हा तो वादक. ब्लूज या नावाने ओळखले जाणारे कृष्णवर्णीय अमेरिकनांचे जे संगीत आहे, ते पियानोवर वाजविणाऱ्यांच्या आद्य पिढीत त्याचे नाव घेतले जाते. १९२५ पासून १९५० पर्यंत तो त्या शहरातील व्हाइट सॉक्स नामक बेसबॉल संघाच्या क्रीडांगणावर हिरवळ राखण्याच्या नोकरीत होता. त्याच पंचवीस वर्षांत शिकागोच्या पियानोवादकांची एक पिढी त्याच्या डाव्या हाताकडे पाहून शिकली, मोठी झाली आणि जगाला ठाऊक झाली. "अमुक गृहस्थ करतात काय?" हा आमच्या मध्यमवर्गीय बैठकीतील पहिला प्रश्न असतो. यान्सीविषयी तो विचारला तर उत्तर सरळ आहे: मैदान राखतो. हे उत्तर खरे असूनही आपणास अपुरे का वाटते, आणि ते अपुरेपण भरून काढताना आपण त्या माणसाच्या नोकरीचा उगाच उपमर्द तर करीत नाही ना, हे पाहण्याचा आमचा हेतू आहे.

यान्सीच्या जन्माचा दिवस २० फेब्रुवारी हा सर्वमान्य आहे. वर्ष मात्र कोणी १८९४ देतात, कोणी १८९८, कोणी मधलेच एखादे. बाप गिटार वाजवून गाणारा होता, आणि थोरला भाऊ अलोंझो हा पियानो वाजवीत असे. जिमी लहानपणीच फिरत्या करमणुकीच्या मंडळ्यांत गाऊ व नाचू लागला. जोड्याच्या टाचेने व चवड्याने लाकडी फळीवर बोल काढावयाचे, असा जो तिकडचा टॅप नावाचा नाच आहे, त्यात तो तरबेज होता. पहिल्या महायुद्धापूर्वी अशाच मंडळीबरोबर तो युरोपात जाऊन आला, आणि १९१३ साली लंडनास इंग्लंडच्या राजघराण्यासमोर त्याने आपली कला दाखविली, असे त्याची चरित्रे सांगतात. म्हणजे इतरांच्या चरित्रात जी पायरी शेवटी यावयाची ती याच्या वाट्यास विशीच्या आतबाहेरच येऊन गेली! १९१५ च्या सुमारास तो शिकागोस परत येऊन राहिला तो कायमचा. रंगभूमी सुटली, पियानो हाती आला, तोही भावाकडे पाहून व बराचसा आपला आपण. कृष्णवर्णीयांच्या एका बेसबॉल संघातून तो काही दिवस खेळलाही. पुढे एस्टेल हॅरिस नावाच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. ती गात असे, आणि पुढील सारे आयुष्य ती त्याच्या वादनाची सर्वांत जवळची श्रोती व सोबतीण राहिली.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा या संगीताशी परिचय नसेल. म्हणून त्याच्या घडणीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. ब्लूजचे एक आवर्तन प्रायः बारा खंडांचे, व प्रत्येक खंड चार मात्रांचा. त्या आवर्तनात तीनच मुख्य स्वरसंघ ठरलेल्या क्रमाने येतात. गाणारा पहिली ओळ म्हणतो, तीच दुसऱ्यांदा म्हणतो, आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर देतो. सांगाडा इतका साधा की तो एका संध्याकाळी शिकता येईल. आणि असे असूनही त्यात जन्म घालविणारे लोक आहेत. आपल्याकडे जात्यावर बसलेल्या बाईची ओवी जशी साधी, तसाच हा प्रकार. जात्याची घरघर एकसारखी चालू असते आणि तिच्यावर ओवी आपल्या मर्जीने उठते, बसते. पियानोवर ब्लूज वाजविताना डावा हात हे जाते असते व उजवा हात ही ओवी.

या संगीतातील सर्वांत भावपूर्ण जागा गंधाराची आहे. हा गंधार आपल्या कोमल व शुद्ध गंधारांच्या मधोमध कोठेतरी, कधी इकडे कधी तिकडे झुकत, उभा असतो. गळ्याला वा तारेला तो सहज साधतो. पियानोचे मात्र तसे नाही. पट्टी दाबली की ठरलेला स्वर निघावयाचा, त्यात तसूभर फरक व्हावयाचा नाही. याच उणिवेमुळे १९४० साली आपल्या रेडिओने पेटीला दार बंद केले होते, हे वाचकांस ठाऊक असेलच. शिकागोच्या वादकांपुढेही तीच अडचण होती. त्यांनी उपाय असा काढला की काळ्या पट्टीवरील कोमल गंधारावरून बोट शेजारच्या पांढऱ्या पट्टीवरील शुद्ध गंधारावर घसरू द्यावयाचे, अथवा दोन्ही स्वर किंचित चिरडल्यासारखे एकदम वाजवावयाचे. जो स्वर वाद्यात नाही त्याचा भास कानाला व्हावा, अशी ही युक्ती आहे. यान्सीच्या वादनात ती इतकी सहज येते की ती युक्ती आहे याचाच विसर पडतो.

हे वादन ज्या जागी वाढले ती जागाही पाहिली पाहिजे. दक्षिणेकडील राज्यांतील जुलूम व दारिद्र्य यांना कंटाळून कृष्णवर्णीय लोक उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत लोटू लागले, तो हा काळ. शिकागोत त्यांची वस्ती १९१० साली सुमारे ४४,००० होती. १९२० साली ती १,०९,००० वर गेली आणि १९३० साली २,३४,००० च्या घरात पोहोचली. माणसे वाढली तरी त्यांना राहावयास दिलेला शहराच्या दक्षिण भागातील पट्टा त्या मानाने वाढला नाही. गोऱ्या वस्तीत त्यांना कोणी घर देत नसे. साहजिकच भाडी भयंकर चढली. महिनाअखेर भाड्याचे पैसे कमी पडले म्हणजे बिऱ्हाडकरू शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपल्या खोलीत बोलावी, दाराशी थोडी नाणी घेई, आत खाणेपिणे विकी, आणि रात्रभर नाच चाले. १९२० ते १९३३ ही दारूबंदीची वर्षे. त्यामुळे पिणे चोरटे असे. अशा खोलीत दहा वादकांचा ताफा मावणार कोठे? मोडकातोडका का होईना एक पियानो आणि तो वाजविणारा एक माणूस, एवढ्यावरच रात्र काढावी लागे. डाव्या हाताने मृदंग व खर्ज या दोहोंचे काम करावे, उजव्याने गायकाचे, ही सोय त्या भाड्याच्या खोल्यांतून निपजली. पुढे ज्याला बूगी-वूगी असे काहीसे बालिश नाव पडले ते वादन हेच. यान्सी अशा शेकडो रात्री वाजवीत असे. त्याच्या स्वतःच्या घरीही वादकांचा राबता असे. कोणाचे तरी भाडे भागावे एवढाच त्या मैफलींचा उद्देश होता, आणि आमच्या मते त्याहून कमी प्रतीच्या उद्देशाने भरलेल्या मैफली आपण सर्वांनी पाहिल्या आहेत.

रात्री हे चाललेले असता दिवसाची नोकरी कॉमिस्की पार्क येथे होती. १९१० साली बांधलेले हे क्रीडांगण ३५ व्या रस्त्यावर, वेंटवर्थ नावाच्या हमरस्त्याच्या किंचित पश्चिमेस होते. वेंटवर्थ हा रस्ता म्हणजे त्या भागात कृष्णवर्णीय व गौरवर्णीय वस्त्यांमधील अलिखित सीमा. १९१९ च्या उन्हाळ्यात शहरात जो भीषण वर्णदंगा झाला त्यात ३८ माणसे प्राणास मुकली. सीमा ओलांडणे म्हणजे काय याची आठवण यान्सी नोकरीस लागला त्या वेळी अवघी सहा वर्षांची होती. बेसबॉलच्या मुख्य व्यावसायिक संघांत त्या काळी कृष्णवर्णीय खेळाडूस प्रवेश नव्हता. स्वतः यान्सी खेळाडू होता. परंतु ज्या हिरवळीची निगा त्याच्याकडे होती तीवर यजमान संघातर्फे खेळण्याचा अधिकार त्याच्या वर्णाच्या कोणासही नव्हता. १९३३ पासून कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र संघांतील निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना याच मैदानावर होऊ लागला, आणि त्यास हजारोंनी लोक जमत. परंतु तो सामना संपला की दुसरे दिवशी मैदान पुनः पूर्वीचेच. १९४७ च्या जुलैमध्ये क्लीव्हलँड संघाचा लॅरी डोबी हा अमेरिकन लीगमधील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आपल्या पहिल्या सामन्यासाठी उतरला, तो याच मैदानावर. खुद्द व्हाइट सॉक्स संघात मिन्नी मिन्योसो हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला १ मे १९५१ रोजी. यान्सीची नोकरी त्याच्या आदल्या वर्षी संपली होती.

हे सर्व आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगितले, कारण 'नोकरी करून कला जोपासली' असे वाक्य लिहिताना आपण ती नोकरी म्हणजे जणू काही स्वेच्छेने पत्करलेले एक व्रत असे चित्र रंगवतो. यान्सीपुढे फार दारे उघडी होती आणि त्यांतून त्याने हे निवडले, असे नाही. तथापि पंचवीस वर्षे एकाच जागी टिकणारी नोकरी ही त्याच्या वस्तीत लहान गोष्ट नव्हती, आणि तिने त्याला एक स्वातंत्र्य दिले: उद्याच्या अन्नासाठी पियानोने कोणाची मर्जी राखावी, अशी पाळी त्याच्यावर आली नाही.

त्याच्याकडे पाहून शिकलेल्यांत दोन नावे प्रमुख आहेत: मीड लक्स ल्युइस व अल्बर्ट अमन्स. दोघेही त्याच्याहून बरेच लहान. दोघेही एके काळी शिकागोत भाड्याच्या मोटारी चालविणाऱ्या एका कंपनीत कामास होते. ल्युइसने १९२७ साली आगगाडीच्या गतीवर बसविलेल्या आपल्या एका रचनेची तबकडी काढली. ती पुढे न्यूयॉर्कच्या जॉन हॅमंड या धनिक व चोखंदळ रसिकाच्या कानी पडली, आणि तो त्या वादकाच्या शोधास लागला. १९३५ साली ल्युइस त्यास सापडला तो मोटारी धुताना. पुढच्या कथेत जिन्याच्या साऱ्या पायऱ्या यथाक्रम आहेत. २३ डिसेंबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये हॅमंडने भरविलेल्या मोठ्या जलशात ल्युइस, अमन्स व कॅन्सस सिटीचा पीट जॉन्सन यांनी पियानो वाजविले, आणि त्या रात्रीनंतर बूगी-वूगीची साथ अमेरिकाभर पसरली. चार-पाच वर्षे जो तो वाद्यवृंद तेच वाजवू लागला. नाचघरांत, चित्रपटांत, युद्धावर निघालेल्या शिपायांच्या छावण्यांत तेच. साथ जशी आली तशी ओसरली. लोकांना हवा होता तो वेग, आणि वेगच वाजवून वाजवून ते वादन लोकांनाही शिळे झाले. अमन्स १९४९ च्या डिसेंबरात अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी वारला.

१९३६ साली ल्युइसने एक रचना ध्वनिमुद्रित केली आणि तिला नाव दिले 'यान्सी स्पेशल'. गुरूचा डाव्या हाताचा ठेका त्याने तीत घेतला होता आणि नावानेच ते ऋण मान्य केले होते. त्या वेळी खुद्द यान्सीची एकही तबकडी निघालेली नव्हती. म्हणजे शिष्याच्या तबकडीवरून गुरूचे नाव बाजारात प्रथम आले. पुढे हा ठेका दुसऱ्या एका कंपनीच्या तबकडीत वापरला गेला म्हणून 'यान्सी स्पेशल'च्या प्रकाशकांनी फिर्याद केली. १९५० साली शिकागोच्या न्यायालयाने निकाल दिला तो असा की, हा खर्जाचा साचा इतका साधा आहे की त्यावर कोणासही स्वामित्व सांगता यावयाचे नाही; कायदा निर्मितीचे रक्षण करतो, हाताच्या यांत्रिक कौशल्याचे नव्हे. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच असेल. आपणही त्रिताल कोणाच्या मालकीचा मानीत नाही. परंतु तोच ठेका दोन तबलजींनी धरला तर एकाच्या ठेक्यावर गाणाऱ्यास बसावेसे वाटते आणि दुसऱ्याच्या ठेक्यावरून उठून जावेसे वाटते, हेही आपण जाणतो. हा जो फरक, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. यान्सीची सारी मिळकत ही अशा नोंद न होणाऱ्या वस्तूची होती.

तो फरक कोणता, हे सांगण्याचा यत्न करून पाहू. १९३९ साली न्यूयॉर्कच्या एका मद्यगृहात नोकरी करणाऱ्या डॅन क्वाली नामक हौशी गृहस्थाने सोलो आर्ट या नावाने तबकड्या काढण्याचा छोटासा उद्योग आरंभिला होता. त्याने यान्सीचे वादन प्रथम मुद्रित केले. त्याच वर्षी व्हिक्टर या बड्या कंपनीनेही त्याच्या काही तबकड्या काढल्या. त्या वेळी त्याचे वय चाळिशी उलटून गेलेले होते. शिष्यांच्या तबकड्या ऐकून या तबकड्यांकडे वळणाऱ्यास पहिल्याने चुकल्यासारखे होते. शिष्यांचा डावा हात इंजिनासारखा अखंड आठ-आठ ठोके देत धावतो. यान्सीचा डावा हात मध्येच थांबतो, एक ठोका गाळतो, आणि गाळलेला ठोका श्रोत्याच्या मनात वाजू देतो. त्याच्या पुष्कळ रचनांत क्यूबा बेटातील हबानेरा नाचाची डुलती चाल आहे. एकाच रचनेत तो डाव्या हाताचा साचा दोन-तीन वेळा बदलतो, आणि तोही असा की बदल होऊन गेल्यावर ध्यानात यावा. उजव्या हातात स्वर थोडे. जेथे दुसरा वादक तानांचा वर्षाव करील तेथे यान्सी एकच लहान आकृती पाच वेळा म्हणतो, व सहाव्या वेळी तिचा एक स्वर बदलतो. तीन मिनिटांच्या तबकडीत त्याला घाई म्हणून नसते.

ही निवांत चाल कोठून आली? आम्हास असे वाटते की जो माणूस शेजाऱ्यांसाठी वाजवितो त्याला पहिल्या मिनिटात कोणाचे मन जिंकावयाचे नसते. श्रोते रात्रभर तेथेच असावयाचे. त्यांना नाचावयाचे, बोलावयाचे, मध्येच रडावयाचेही असते. तिकीट काढून आलेल्या अनोळखी श्रोत्यापुढे बसणाऱ्यास हा निवांतपणा परवडत नाही. त्याच्या रचनांची नावे पाहिली तर हीच गोष्ट दिसते: 'स्टेट स्ट्रीट स्पेशल', 'थर्टीफिफ्थ अँड डिअरबॉर्न', 'व्हाइट सॉक्स स्टॉम्प'. पहिल्या दोन नावांतील रस्ते व चौक क्रीडांगणापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत आणि तिसरे तर मालकांच्या संघाचेच नाव. ज्या नोकरीची आपण त्याच्या वतीने लाज बाळगतो, तिचे नाव त्याने आपल्या वादनाला खुशाल दिले.

आणखी एक विक्षिप्तपणा सांगण्यासारखा आहे. यान्सी कोणत्याही पट्टीत वाजवीत असो, रचना संपविताना तो एकच ठरलेली लहानशी आकृती वाजवी आणि ती नेहमी आपल्या भाषेत सांगावयाचे तर 'काळी दोन'च्या पट्टीत. पांढरी चारमध्ये गाणाऱ्या बुवांनी शेवटची तिहाई एकाएकी काळी दोनमध्ये घेऊन तंबोरा खाली ठेवावा, तसा हा प्रकार. शास्त्राने याचे समर्थन व्हावयाचे नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्यास ती चूकच वाटते, दुसऱ्यांदा थट्टा वाटते. पुढे पुढे ती सही आहे असे वाटू लागते. मैफलीचा धंदा करणाऱ्यास अशी लहर त्याच्या हितचिंतकांनी सोडून द्यावयास लावली असती.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की हे दारिद्र्याचे स्तोत्र झाले. ही शंका आम्ही टाळू इच्छीत नाही. यान्सी धंदेवाईक वादक नसल्याने जगाचे नुकसान झाले, ते खरेच झाले. १९१५ ते १९३९ ही त्याच्या ऐन उमेदीची चोवीस वर्षे. त्यांतील एक क्षणही आज ऐकावयास मिळत नाही. त्या वर्षांत त्याच्या बोटांत अधिक वेग असेल, अधिक धिटाईही असेल. ते सारे भाड्याच्या खोल्यांतील धुरात विरले. याच्या उलट, त्याच शिकागोत १९२० नंतरच्या काही वर्षांत नाव मिळविलेला टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक पाहा. तो १९२६ च्या सुमारास पूर्वेकडे निघाला, शांघायमध्ये गाजला, मुंबईस ताजमहाल हॉटेलात त्याने वाद्यवृंद चालविला, आणि १९४५ साली कलकत्त्यास पटकीने वारला. आपल्या मुंबईकरांच्या आधीच्या पिढीतील काहींनी त्याला प्रत्यक्ष ऐकले असेल. वेदरफर्डने कलेच्या पाठीवर बसून अर्धे जग पाहिले. यान्सी ३५ व्या रस्त्यावरून हलला नाही. यांत एकाचे आयुष्य वाया गेले व दुसऱ्याचे सार्थकी लागले असे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. कलेने पोट भरणे ही अप्रतिष्ठेची गोष्ट मुळीच नाही. तो मार्ग कठीण आहे, आणि त्या मार्गाने गेलेल्यांमुळेच कला दूरवर पोहोचते. आमचे म्हणणे एवढेच की जी कला पोट भरीत नाही ती अर्धवट, असा जो हिशेब आपण बेमालूम करून टाकतो तो चुकीचा आहे.

हा हिशेब आपल्या घरांतून रोज होत असतो. कचेरीतून आल्यावर हातपाय धुऊन तबल्यावर बसणारे कारकून, शाळा सुटल्यावर सतारीच्या तारा लावणारे मास्तर, स्वयंपाकघर आवरल्यावर गुणगुणणाऱ्या बायका आपल्या प्रत्येक गावात झाल्या आहेत. त्यांतील बहुतेकांचे वादनगायन सामान्य असेल हे कबूल आहे. परंतु ते सामान्य आहे असे आपण ठरवितो ते ऐकून ठरवीत नाही. त्यांना बिदागी मिळत नाही एवढ्यावरून ठरवितो. 'हौशी' हा शब्द उच्चारताना आपल्या ओठांवर जे किंचित हसू येते, त्यात हा सारा निवाडा साठविलेला असतो. शिकागोच्या एका मोहल्ल्याने हा निवाडा केला नाही. त्यांनी यान्सीला ऐकले, त्याचा हात उचलला, आणि त्याच्या नोकरीचा प्रश्न मध्ये आणला नाही.

१९४८ साली यान्सी व एस्टेल ही दोघे कार्नेगी हॉलमध्ये गाऊनवाजवून आली. शिष्यांनंतर बरोबर दहा वर्षांनी. १८ जुलै १९५१ रोजी अटलांटिक या कंपनीसाठी त्याचे शेवटचे ध्वनिमुद्रण झाले. त्या वेळी मधुमेहाने तो खंगला होता. साथीला इस्राएल क्रॉस्बी हा खर्जाचे तंतुवाद्य वाजविणारा उत्तम वादक होता, आणि काही रचनांत एस्टेल गायली. त्या दिवशी त्याने 'यान्सी स्पेशल' वाजविले, म्हणजे शिष्याने त्याच्या नावाने बाजारात नेलेली वस्तू पुनः आपल्या हाताने वाजविली. १९२९ साली शिकागोच्या एका नाचघरात गोळी लागून विशीतच मेलेल्या पाइनटॉप स्मिथला त्याने एक रचना वाहिली, आणि दीड वर्षापूर्वी वारलेल्या अमन्ससाठी एक वाजविली. गुरूने शिष्याच्या नावे वाजवावे, हा क्रम उलटा आहे. पण त्या वादनात शोकाचे प्रदर्शन नाही. डावा हात नेहमीसारखाच थांबत थांबत चालतो, एवढेच. त्यानंतर दोन महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९५१ रोजी, पक्षाघाताने यान्सी वारला.

एस्टेल त्याच्यामागे पस्तीस वर्षे जगली आणि गात राहिली. तिच्या गाण्याचा एक संग्रह १९८३ साली, तिला सत्त्याऐंशी वर्षे झाली असता निघाला. १९८६ च्या जानेवारीत अमेरिकेतील रॉक संगीताच्या कीर्तिमंदिरात, त्या संगीताच्या पूर्वसूरींपैकी एक म्हणून यान्सीचे नाव पहिल्याच वर्षी कोरले गेले. त्याच वर्षीच्या एप्रिलात एस्टेल निवर्तली. कॉमिस्की पार्क १९९१ साली पाडण्यात आले. जेथे यान्सीने हिरवळ राखली तेथे आता शेजारच्या नव्या क्रीडांगणास येणाऱ्यांच्या मोटारी उभ्या राहतात.

चरित्रकार त्याच्याविषयी लिहिताना प्रायः असे लिहितात की, तो मैदानावर नोकर होता, पण पियानो अलौकिक वाजवी. आम्हास या वाक्यातील 'पण' खटकतो. त्या एका अव्ययाने नोकरी ही अडचण ठरते, कला हा अपवाद ठरतो, आणि माणसाचे दोन तुकडे पडतात. यान्सीच्या तबकड्या ऐकताना असे दोन तुकडे कोठे आढळत नाहीत. तो मैदान राखीत असे आणि पियानो वाजवीत असे, असे म्हटले म्हणजे पुरे आहे. आणि आपल्या ओळखीच्या एखाद्या कारकुनाविषयी बोलतानाही आपण हा 'आणि' वापरू लागलो, तर त्याच्या तबल्याकडे निदान कान देऊन तरी ऐकू.